सातव्या कलमातलं क्रियापद

१

गुरुवारी सकाळी सव्वादहाला बाईंची लाल पेन्सिल एकतिसाव्या पानावर अडली आणि पुढे सरकायचं नाव घेईना.

वाक्य साधंच होतं. ‘वापरणाऱ्याने होकार देईपर्यंत यंत्राने थांबावे.’ व्याकरण बिनचूक, शेवटी पूर्णविराम. दुसऱ्या कुणी सरळ पान उलटलं असतं. पण बाई सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. मानक मंडळात सगळे त्यांना पाठीमागे, आणि हल्ली तोंडावरसुद्धा, ‘कानामात्रा’ म्हणत ते उगीच नाही. हे वाक्य सोमवारी त्यांनीच तपासलं होतं, आणि तेव्हा तिथे ‘थांबावे’ नव्हतं. ‘थांबलेच पाहिजे’ होतं.

त्यांनी सोमवारची प्रत काढली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. मग उठून खिडकी उघडली, लावली आणि परत येऊन पुन्हा वाचलं. फरक तसाच होता.

तांत्रिक मानकांच्या जगात या फरकाला फार किंमत असते. ‘पाहिजे’ म्हणजे सक्ती. ते पाळलं नाही तर यंत्र बाजारात येत नाही. ‘थांबावे’ म्हणजे नुसता सल्ला. कारखान्याला पटला तर ऐकेल, नाही तर नाही. मसुद्याच्या पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

आणि हे मानक काही नळाच्या तोट्यांचं नव्हतं. ज्यांचं शरीर निकामी झालंय आणि वाचा गेलीय, अशा माणसांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवायच्या, त्यांच्या मनातले शब्द टिपायचे आणि ते पडद्यावर उमटवायचे किंवा मोठ्याने बोलून दाखवायचे, अशा यंत्रांचं ते मानक होतं. समिती त्यावर दीड वर्ष घाम गाळत होती. शुक्रवारी अकराला मतदान होतं, म्हणजे हातात जेमतेम एक दिवस होता.

बाई दोन्ही पानं घेऊन जवळजवळ धावतच अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या.

अध्यक्ष निवृत्तीनंतर इथे आलेले, शांत, पोट सुटलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर सरकवून पानं पाहिली. मसुद्यात कधी, कुणी, कुठून बदल केला याची नोंद संगणक आपोआप ठेवत असे. ती त्यांनी उघडून वाचली. मग पडदा हळूच बाईंकडे वळवला.

कलम सात-चार. बुधवार, दुपारी चार दहा ते चार एक्कावन्न. बदल करणाऱ्याचं नाव: बाईंचं.

२

“मी नाही केलं,” बाई म्हणाल्या. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय, हे त्यांना जाणवलं.

“मग कोणी केलं?” अध्यक्षांनी विचारलं. “शेवटच्या आठवड्यात मसुद्याला हात लावायची परवानगी फक्त तुम्हाला. बाकीचे नुसते वाचू शकतात. बुधवारी चार वाजता कुठे होतात?”

“माझ्या खोलीत. इतिवृत्त लिहीत होते.”

“कुणी पाहिलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं.

“बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या अकराला सभेत सगळ्यांसमोर मला हे सांगावंच लागेल. त्याआधी काही कळलं तर बरं.”

बाई बाहेर आल्या. चहा मागवला, तो तसाच गार झाला. येरझाऱ्या घालता घालता त्यांनी बुधवार आठवायला घेतला, आणि आठवलं तसं कपाळावर हात मारला. मास्तर!

मास्तर समितीवर होते ते वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून. सात वर्षांपूर्वी झटका येण्याआधी ते शाळेत भाषा शिकवायचे. आता मानेखाली काहीच हलत नव्हतं आणि जीभही गेली होती. ते बोलत ते यंत्राच्या आवाजात, आणि काय बोलत! सुरुवातीच्या सभांमध्ये मिनिटाला वीस-वीस अक्षरं झरझर पडद्यावर उमटत. बाईंच्या इतिवृत्तातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारा जगातला तो एकमेव माणूस.

बुधवारी मास्तरांना शेवटचा मसुदा वाचायचा होता. चाचणीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. बाईंनी तो पावणेचारला स्वतःच्या नावाने उघडून दिला. मास्तरांच्या देखतच एक चुकलेला स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पडदा तसाच सोडून त्या निघून आल्या. पाचला परत जाऊन बंद केला. म्हणजे मधला तासभर खोलीत जो कोणी आला, त्याच्यासमोर त्यांच्या नावाचं दार सताड उघडं होतं.

आणि बदललेलं कलमही मास्तरांचंच. त्यामागची हकिकत समितीत सगळ्यांना पाठ होती. मास्तरांची थोरली बहीण त्यांचं सगळं करायची. एके दुपारी ती त्यांना भरवत असताना यंत्र अचानक बोललं, “कंटाळा आला तुझा.” मास्तरांच्या मनात ते एक क्षणभर येऊन गेलं होतं, बोलायचं मुळीच नव्हतं. यंत्राला तो फरक कळला नाही. बहिणीने पुढचा घास भरवला.

त्यानंतर मास्तरांनी आपल्या यंत्रात ‘होकार’ बसवून घेतला. मनातल्या मनात मूठ आवळायची आणि पाऊण सेकंद घट्ट धरायची. ती खूण पुरी मिळाल्याशिवाय यंत्राने अक्षरसुद्धा पक्कं करायचं नाही, मूठ मधेच सुटली तर उमटलेलं पुसून टाकायचं. मग ते समितीवर आले आणि दीड वर्ष हट्टाला पेटून, भांडून त्यांनी ही सोय प्रत्येक यंत्राला सक्तीची करून घेतली. “मनात आलेलं आणि बोललेलं यांच्यात दार हवं,” हे त्यांचं वाक्य, “आणि कडी आतून.”

ते दार कुणीतरी ढिलं करून ठेवलं होतं. बुधवारी त्या खोलीत कोण कोण गेलं होतं? बाहेरच्या शिपायाने क्षणाचाही विचार न करता तीन माणसं सांगितली. कंपनीचा इंजिनिअर, सर्जन आणि, “हां, चारचाळीसच्या सुमाराला अध्यक्षसाहेब पण डोकावले होते की.”

सकाळी अध्यक्ष हे अवाक्षरानेही बोलले नव्हते.

३

इंजिनिअर खालच्या मजल्यावर, डबा उघडून बसला होता. सगळ्यात मोठ्या यंत्रकंपनीचा माणूस, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून. होकाराच्या कलमाला पहिल्या दिवसापासून त्याचा विरोध होता. होकारामुळे यंत्राचा वेग निम्म्यावर येतो आणि गिऱ्हाइकं वेगच बघतात.

“म्हणजे चोर मीच,” ऐकून घेतल्यावर तो हसला. “बाई, बसा. तुम्ही शब्द बघता, मी तक्ते बघतो. मसुद्याच्या शेवटी तपासणीचा तक्ता आहे ना, तो बदललाय का?”

बाईंनी पान काढलं. तक्ता जसाच्या तसा होता. ‘होकाराशिवाय उच्चार झाल्यास यंत्र अनुत्तीर्ण.’

“बघा! प्रयोगशाळावाले कलमं वाचतच नाहीत, तक्ता लावतात. नुसतं क्रियापद बदलून मला काडीचा उपयोग नाही. उलट कलम एक सांगतंय, तक्ता दुसरंच, म्हणजे वर्षभर पत्रव्यवहार. मी करायचं ठरवलं असतं तर आधी तक्ता बदलला असता. तोही असा की तुमच्या पेन्सिलीलासुद्धा पत्ता लागला नसता.”

त्याचं म्हणणं चीड आणणारं होतं आणि खरं होतं. हे काम तपासणीतलं काही कळत नसलेल्या माणसाचं होतं. किंवा कळत असूनही तक्त्यापर्यंत पोचायला वेळ न मिळालेल्या माणसाचं.

“बुधवारी खोलीत काय करत होतात?”

“चारला पाच कमी असताना मास्तरांचं यंत्र पडद्याला जोडून दिलं. साडेचारला वायर बघायला दोन मिनिटं आलो. ते पडद्याकडे टक लावून बसले होते. मी ‘काय मास्तर, पाठ करताय का?’ म्हटलं. एरवी टोला मारतात. काल काहीच नाही.”

सर्जन दोन शस्त्रक्रियांच्या मधे भेटली, हात पुसत, उभ्या उभ्या. मास्तरांच्या मेंदूत तारा तिनेच बसवलेल्या.

“ते कलम मला आवडत नाही, हे मी सभेत चारदा सांगितलंय,” ती म्हणाली. “सगळ्या रुग्णांवर एकच सक्ती कशाला? पण मी भांडून बदलते, बाई. चोरून नाही.”

“तुम्ही बुधवारी मास्तरांना भेटलात.”

“टाळूवरची जखम बघायला. चारवीसला. ठीक आहे ती.”

“आणि यंत्र? संकेत नीट येतात ना?”

प्रश्न बाईंनी सहज विचारला होता, पण सर्जनचा हात पुसता पुसता थांबला.

“रुग्णाबद्दल मी बोलू शकत नाही,” ती म्हणाली. आणि दारात जाऊन पुन्हा वळली. “बाई, एक विनंती. हे प्रकरण फार उकरू नका.”

४

बाई तरातरा चालत मंडळात परतल्या. उकरू नका म्हणे! नाव माझं लागलंय, आणि उकरू नका.

अध्यक्ष खोलीत पत्र लिहीत होते, नेहमीप्रमाणे एका बोटाने. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून बघायचं. बाई दारातच थबकल्या. त्यांच्या डोक्यात घड्याळ वाजलं. चार दहा ते चार एक्कावन्न. एक शब्द बदलायला एक्केचाळीस मिनिटं?

“सर, बुधवारी तुम्ही चाचणीच्या खोलीत गेला होतात.”

अध्यक्षांचं बोट हवेतच राहिलं. “गेलो होतो. मास्तरांना विचारायला, की कलम थोडं सौम्य करता येईल का. कंपन्यांचा फार रेटा आहे, बाई. मतदान फसलं तर दीड वर्ष पाण्यात. पण त्यांनी उत्तरच दिलं नाही. मी मिनिटभर उभा राहिलो आणि ओशाळून परत आलो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू? झालेला बदल तसाच राहू दिला तर काय बिघडतं? तुमचंही नाव येणार नाही. कुणाला कळायचंही नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला कळलंय ना, सर.”

त्यांनी नोंदीचा सविस्तर कागद छापून घेतला आणि जिन्यातच उभ्याने वाचला. ज्या संगणकावरून बदल झाला तो चाचणीच्या खोलीतला. अक्षर उमटलं आणि खोडलं गेलं, असं अठ्ठावीस वेळा. शेवटी टिकलेलं काम काय, तर ‘लेच पाहिजे’ एवढं पुसलं आणि ‘थांब’ला ‘ावे’ जोडलं. झालं.

मुद्रितशोधकाचं डोळस कौतुक आपसूक जागं झालं. कुणीही ‘यंत्र थांबू शकते’ असं लिहिलं असतं. मग ‘यंत्राने’चं ‘यंत्र’ करावं लागलं असतं, वाक्याची सगळी शिवण उसवली असती. या माणसाने मागच्या एकाही शब्दाला धक्का लावला नव्हता. याहून कमी अक्षरांत हे वाक्य बदलताच येत नाही. ज्याला एकेक अक्षर महाग आहे, अशा माणसाचं हे काम.

एका बोटाने लिहिणारा माणूस? जिवाला चैन पडेना. एका बोटाने खरंच एक्केचाळीस मिनिटं लागतात का, हे बघायचंच, म्हणून त्या चाचणीच्या खोलीत गेल्या. पडदा लावला. टेबलापाशी बसल्या. बोट पुढे केलं.

टेबलावर कीबोर्ड नव्हता.

खाली वाकून पाहिलं, खण ओढले. कुठेच नव्हता. भिंतीवर मात्र त्यांनी स्वतःच शुद्ध केलेली पाटी होती. ‘मेंदूचे यंत्र जोडलेले असताना खोलीत लिहिण्याचे दुसरे कोणतेही साधन ठेवू नये.’ म्हणजे रुग्णाच्या नावावर दुसऱ्याच्या हाताने लिहिलं, अशी शंकाही यायला नको. कोठाराच्या वहीत नोंद सापडली. कीबोर्ड जमा, बुधवार, तीन पंचावन्न, सही इंजिनिअरची. परत नेल्याची नोंदच नव्हती.

बाईंनी वही मिटली. त्या एक्केचाळीस मिनिटांत त्या खोलीत हाताने अक्षर लिहिणं कुणालाही शक्य नव्हतं. लिहू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याला या कामाला एक मिनिट पुरलं असतं.

पूर्वी पुरलं असतं.

त्यांनी कपाटातून इतिवृत्तांची चळत ओढली आणि उलट्या क्रमाने चाळली. मास्तरांची गेल्या तीन सभांतली वाक्यं. ‘माझे म्हणणे मी आधीच मांडले आहे.’ त्याआधीच्या सभेत, ‘माझे म्हणणे मी आधीच मांडले आहे.’ त्याआधीही तेच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. यंत्रात आधी साठवून ठेवलेलं वाक्य, एका होकारात सोडून द्यायचं. हे त्यांनीच तीनदा लिहून घेतलं होतं, आणि सव्वीस वर्षांच्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

५

मास्तरांचं घर मंडळापासून चार गल्ल्या सोडून. बाई पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार बहिणीने उघडलं. साठी उलटलेली, सडपातळ, हातात सुई-दोरा. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची.

“या. बरं झालं आलात. तुमच्याशी तरी बोलेल.” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही तो. काहीतरी चुकलंय माझं. रागावलाय.”

“तुम्ही विचारलंत, ताई?”

“रागावलेल्याला काय विचारायचं?”

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांची पापणी एकदा मिटली. तिने कोपऱ्यातला पंखा बंद केला, पाण्याची नळी त्यांच्या ओठांना लावली, मग काढली आणि आत निघून गेली.

बाई समोर बसल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विस्कटली.

“मास्तर, सात-चार तुम्ही बदललंत. खोलीत कीबोर्ड नव्हता. लिहू शकत होतात ते तुम्हीच. आधी मला ते पटेना, कारण एवढ्याशा कामाला एक्केचाळीस मिनिटं आणि अठ्ठावीस खाडाखोडी तुम्हाला कशाला लागतील? मग लक्षात आलं, की लागतात. आता लागतात. इंजिनिअर थट्टा करून गेला, अध्यक्ष मिनिटभर उभे राहिले, तुम्ही कुणाला उत्तर दिलं नाहीत, कारण देता येत नव्हतं. तक्ता तुम्हाला माहीत होता, पण तिथवर पोचायच्या आत मी पडदा बंद केला. होकाराची ती मूठ धरता येत नाहीये ना?”

पडद्यावर ‘ह’ उमटला. पुसला गेला. पुन्हा उमटला. बाईंनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं. आतून शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

‘हो.’

मग बऱ्याच वेळाने, ‘सुटते.’

“सर्जनना माहीत आहे.”

‘हो.’

तारांभोवती मेंदूतच जखमेसारखा पापुद्रा धरतो आणि संकेत हळूहळू बुजतात, हे बाईंनी मसुद्यातच वाचलं होतं, परिशिष्ट तीनमध्ये. वाचून तिथला एक अनुस्वार दुरुस्तही केला होता. आता त्यांना सगळं उलगडलं. होकार सक्तीचा झाला की यंत्रातून तो काढून टाकता येणार नाही. मूठ पुरती सुटली की मास्तरांचं यंत्र होकाराची वाट बघत कायमचं गप्प बसेल. सल्ला राहिला तर निदान तो बंद तरी करता येईल. मग मनातलं सगळं, चांगलं-वाईट, धो धो बाहेर पडेल. पण आवाज राहील.

“म्हणजे एकतर सगळं बोलायचं, नाहीतर काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “मग समितीत सांगितलं का नाहीत? सगळ्यांनी ऐकलं असतं.”

या उत्तराला अकरा मिनिटं लागली.

‘कलम माझं.’

दीड वर्ष ज्यासाठी लोकांशी भांडलो, कंपन्यांना वाकवलं, तेच आता मला पेलत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन शब्दांत एवढं सगळं होतं. पाठोपाठ, ‘ताईला नको.’ आणि शेवटी, खूप पुसून पुसून, ‘तुमचं नाव येईल माहीत नव्हतं.’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी रागही. “मास्तर, तुमच्यासाठी ते दार ढिलं केलंत. पण उद्या ज्याला हे यंत्र बसेल, ज्याची मूठ घट्ट आहे, त्याच्या मनातलं यंत्र परस्पर बोलून टाकेल. तुमच्या ताईसारखी कुणीतरी ते ऐकेल. हे तुम्हाला माहीत असून तुम्ही केलंत.”

बाईंनी पदराने डोळे पुसले.

“मी मसुद्यात ‘थांबलेच पाहिजे’ परत घालतेय. उद्या अकरापर्यंत तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. अकराला अध्यक्ष विचारतील. तेव्हा मी खोटं बोलणार नाही.”

त्या उठल्या. दारात ताई उभी होती, हातात अर्धवट शिवलेली बाही. मशीन कधी थांबलं होतं, कुणास ठाऊक.

६

शुक्रवारी अकराला सभागृह भरलं. बाईंनी रात्र या कुशीवरून त्या कुशीवर काढली होती. इंजिनिअर घड्याळाशी चाळा करत होता. सर्जन कागदावर रेघोट्या ओढत होती. मास्तरांची खुर्ची टेबलाच्या टोकाला, मागे ताई. ताईचा चेहरा दगडासारखा. तिने काय ऐकलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. कलम, वेळ, नाव. खोलीत कुजबुज उठली.

“बाई, तुमचं काय म्हणणं?”

बाई उभ्या राहिल्या. “पडदा माझ्या नावाने उघडा सोडला, ती चूक माझी. ती इतिवृत्तात लिहा. बदल मी केलेला नाही. मूळ वाक्य आज सकाळी मी परत घातलंय.”

“बदल कोणी केला, हे तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

“मग सांगा.”

बाईंनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाला पडदा उजळला. त्यावर ‘म’ उमटला. पुसला गेला. सगळ्यांच्या माना वळल्या. पुन्हा ‘म’. इंजिनिअर पुढे झुकून काही बोलणार, तोच सर्जनने त्याच्या मनगटावर हात ठेवला. एक मिनिट गेलं. तीन गेली. पंखे फिरत होते. कुणी खुर्ची सरकवली नाही. नवव्या मिनिटाला यंत्र त्या सपाट, अनोळखी आवाजात बोललं.

“मी केलं.”

“का, मास्तर?” अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं. पडद्यावर पुन्हा अक्षरं धडपडायला लागली. उमटायची, पुसली जायची. मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

“पुरे!” ताई म्हणाली. सभेत ती दीड वर्षात पहिल्यांदाच बोलली होती. “त्याची मूठ सुटते. म्हणून केलं. मी काल दारामागून ऐकलं. तुम्ही त्याला असं घासत काय बसलाय? त्याच्या पापण्या हलतात की! एकदा मिटली की हो, दोनदा की नाही. सात वर्षं मी त्याच्या पापण्यांवर घर चालवतेय. होकारच हवाय ना तुमच्या यंत्राला? मग तो पापणीचा घ्या!”

मग इंजिनिअर सवयीने म्हणाला, “ताई, होकार मेंदूतूनच यायला हवा. कलमातच तसं आहे. हे मानक मेंदूच्या यंत्रांचं आहे. पापणी म्हणजे...”

“मग पापणी काय तो पायाने हलवतो?”

आधी सर्जन हसली. मग अध्यक्ष. इंजिनिअर लाल झाला, आणि वही ओढून काहीतरी भराभर आखायला लागला. “कॅमेरा लागेल,” तो स्वतःशीच पुटपुटला. “एक साधा कॅमेरा. वेग... वेग वाढेलसुद्धा.”

सर्जनने पेन खाली ठेवलं. “सगळ्यांवर एकच सक्ती नको, हे मी याचसाठी म्हणत होते. सक्ती राहू दे. पण होकार कसा द्यायचा, हे माणसावर सोडा. कुणी मूठ, कुणी पापणी, कुणी श्वास.”

बाई केव्हाच लिहायला बसल्या होत्या. अध्यक्षांनी वाचा म्हटल्यावर त्यांनी उभं राहून वाचलं. “‘वापरणाऱ्याने होकार देईपर्यंत यंत्राने थांबलेच पाहिजे. होकार कोणत्या खुणेने द्यायचा हे वापरणारा ठरवेल, आणि ती खूण यंत्राने स्वीकारलीच पाहिजे.’”

“दोन-दोन सक्त्या,” इंजिनिअर म्हणाला, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

मतदान त्या दिवशी झालं नाही. तक्ता नव्याने मांडायचा, चाचण्या पुन्हा घ्यायच्या, म्हणून ते तीन आठवडे पुढे गेलं. मसुद्याला चोरून हात लावल्याबद्दल मास्तरांचा या मानकापुरता मताचा हक्क काढून घेण्यात आला. ठराव मांडताना अध्यक्षांना शब्द सापडेनात. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, तेव्हा मास्तरांची पापणी एकदा, सावकाश, मिटली. बाईंच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा पडला. तो त्यांनी स्वतःच्याच हाताने इतिवृत्तात लिहिला आणि त्यातल्या एका वेलांटीचं दीर्घत्व सुधारलं.

सभा संपल्यावर बाई कागद गोळा करून बाहेर आल्या. लांब बोळाच्या टोकाला, लिफ्टपाशी ताई आणि मास्तर थांबले होते. ताई खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली होती, चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर.

“म्हणजे माझ्यावर रागावला नव्हतास?”

पापणी दोनदा मिटली.

“मग महिनाभर मी काय काय मनात आणलं, माहितीय? मूर्खा!”

मांडीवरच्या छोट्या पडद्यावर अक्षर उमटलं, पुसलं गेलं. ताईने डोळे पुसले. “राहू दे. दमलायस. घरी गेल्यावर सांग.”

पापणी दोनदा. अक्षर पुन्हा उमटलं.

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत शिरलं नाही म्हणून मिटलं आणि निघून गेली. ताई तशीच बसून राहिली, पडद्याकडे बघत. तिला अजिबात घाई नव्हती. दुसरं अक्षर उमटत होतं. बाईंच्या डोळ्यांना ते इतक्या लांबूनही वाचता आलं असतं.

त्यांनी मान वळवली आणि जिन्याने खाली निघाल्या.